बापाचं कार्ड

डॉक्टर सबनीस आधी नवऱ्याला वजनकाट्यावर उभं करायच्या. तपासायचं बायकोला, पण आखातात, अल मनखूलमधल्या त्यांच्या दवाखान्यात शिरलं की पहिला हुकूम, "यल्ला, चला, बाप कोण? चढा." बाई सांगलीच्या, उंचीनं ठेंगण्या आणि आवाजानं हवालदार. त्यांचं शास्त्र साधं होतं: नऊ महिन्यांत बायकोचं वजन वाढायला हवं आणि नवऱ्याचं उतरायला. नवऱ्याचं वाढलं, तर घरात कोण राबतंय ते कळलंच. बँकेतले साहेबलोक काट्यावर चढण्याआधी खिशातल्या किल्ल्या काढून ठेवताना मी पाहिलेत.

ब्याण्णव साली माझी पाळी आली. आमचे दोन्ही मुलगे शाळेत जाऊ लागले होते आणि नीलाला पुन्हा दिवस राहिले. धास्ती घेतली ती मी. मी मनाशी ठरवून टाकलं आणि डॉक्टरांना चाचरत विचारलं, "मॅडम, हे नको असेल तर?"

"इथं कायदा नाही म्हणतो. आईच्या जिवावर बेतलं तरच. इंडियात होऊ शकेल, तिथले डॉक्टर तपासून ठरवतील. पण नको कुणाला?"

"आम्हाला."

"आम्हाला म्हणजे तुम्हाला. परांजपे, तुम्ही काट्यावर उभे राहा आणि मी सांगेपर्यंत उतरू नका. नीला, आता तू बोल."

नीला माझ्याकडे न बघता म्हणाली, "मूल नको असं नाहीये. पण तिसरं मला एकटीनं नकोय. मागच्या दोन्ही वेळी हे फक्त सही करायला आले होते."

खरंच होतं ते. हॉस्पिटलचा फॉर्म, बर्थ सर्टिफिकेट, पोरांचा व्हिसा, जिथं जिथं बापाची सही लागायची तिथं मी ती न चुकता केली होती. काट्यावर उभ्या उभ्या मला फार लाज वाटली.

"सरकारला बापाची सही पुरते," डॉक्टर म्हणाल्या. "मला नाही पुरत." त्यांनी एक गुलाबी कार्ड काढून वर माझं नाव घातलं. दुपटी बापानं धुवायची. शुक्रवारचा स्वयंपाक बापाचा. दर महिन्याला बापाचं वजन. खाली माझी सही घेतली आणि नीलाला म्हणाल्या, "हे कार्ड यांना बांधतं, तुला नाही. घरी जा, विचार कर. ठरवशील त्यात मी तुझ्या बाजूनं आहे."

तो आठवडा मी भांडी घासली, मुलांचे डबे भरले आणि कुकरच्या शिट्ट्या मोजायला विसरून खिचडी करपवली. नीलाचा निर्णय अजून व्हायचा होता. आठव्या दिवशी तशीच करपट खिचडी खाता खाता ती म्हणाली, "अहो, मंगळवारची अपॉइंटमेंट घ्या. तुमचंही वजन करायचंय ना?"

मुक्ता झाली तेव्हा माझं वजन सहा किलो उतरलं होतं. डॉक्टरांनी आधी माझं अभिनंदन केलं, मग नीलाचं.

दोन हजार तीनमध्ये त्या कायमच्या सांगलीला निघाल्या. आम्ही निरोपाला गेलो, तर दारातच विचारलं, "कार्ड?" मी पासपोर्टच्या कव्हरमधून काढून दिलं. मग मुक्ताची साक्ष झाली. "बाबा शुक्रवारी स्वयंपाक करतात?"

"एव्हरी फ्रायडे, आंटी. बट ओन्ली खिचडी."

कार्ड परत घेताना मी सवयीनं ते उलटून पाहिलं. त्या देशात व्हिसा, लायसन्स, सगळ्यालाच मुदत.

"एक्स्पायरी शोधताय?" त्या म्हणाल्या. "नाही घातलेली."

गेल्या वर्षी सांगलीहून फोन आला, डॉक्टर वारल्या. त्या शुक्रवारी खिचडी टाकण्याआधी मी काट्यावर उभा राहिलो. अडीच किलो वाढलं होतं. कार्डावर तसं प्रामाणिकपणे लिहिलं, थोडा रडलो आणि भांडी घासायला घेतली.