परळी तालुका विरुद्ध सुदान

आमच्या कारखान्यात साखरेचा उतारा कमी-जास्त व्हायचा, किस्स्यांचा कधी कमी झाला नाही. त्यात तो दुष्काळ! होता तेवढा ऊस चारा म्हणून छावणीत गेला. वर्षभर कारखाना बंद, भोंगाही बंद. हाताला काम नसलं की तोंडाला मिळतंच. म्हणून सगळ्यात जास्त किस्से त्याच वर्षाचे!

*

हंगाम सुरू होणार की नाही, कुणालाच ठाऊक नव्हतं. माणसं तोंड पाडून बसायची. तेव्हा चेअरमनसाहेबांनी डिक्लेअर केलं, "हंगामाआधी आंतरराष्ट्रीय फुटबॉल स्पर्धा!" शहरातल्या कॉलेजांत परदेशी मुलं शिकायची. त्यांचे क्लब होते. साहेबांनी त्यांना गाठलं आणि ती पोरं चक्क तयार झाली!

गेटवर पेंटरने बोर्ड रंगवला. सुदान, येमेन, थायलंड. मग ब्रश वर धरून विचारलं, "सायेब, आपला देश कोन्ता टाकू?"

साहेबांनी घटकाभर विचार केला. "परळी तालुका!"

*

आमच्यात फुटबॉल येणारा एकच, फिटर सलीम. बाकी सगळे क्रिकेटवाले. गोलकीपर व्हायला कुणी धजेना. तेव्हा बॉयलरवरचे दशरथमामा उठले. रिटायरमेंट तोंडावर आलेली, गुडघे कुरकुरणारे.

"आगीच्या तोंडाशी जिंदगी गेली बे. ह्या बॉलला काय भ्यायचं?"

मी टाइम ऑफिसात. म्हटलं, "मामा, या वयात कशाला?"

"आपला कारखाना आजवर कोन्ताच खेळ जिकला न्हाई. एक मॅच जिकू द्या. मग खुशाल नारळ द्या मला!"

मामा हे हसत म्हणाले, पण डोळे हसत नव्हते. मला लई वाटलं, देवा, एक तरी जिंकू दे.

*

सुदानचा कॅप्टन उस्मान. उंच, गोड बोलणारा, हिंदी झकास. ग्राऊंड बघायला आला. रस शुद्ध करायचा चुना पडूनच होता, तो ओतून आम्ही रेषा मारलेल्या. बाकी नुसती ढेकळं.

"मामा, घास किधर है?"

मामा म्हणाले, "अरे बाबा, घास असता तो हमारे बैल छावणी में काहून जाते?"

*

पहिली मॅच येमेनशी. मामांचा प्लॅन साधा. मॅचआधी पाहुण्यांना पुरणपोळीचं जेवण! पळणारा हेरून मामा वाढप्यांना सांगत होते. "ह्यो लेफ्टचा लई पळतो. ह्याला आजून दोन वाढा! तूप सोडा वरून!"

प्लॅन फक्कड होता. पण पाहुण्यांना आग्रह करता करता आमचे अकरा जण त्यांच्यापेक्षा जास्त जेवले!

किती गोल खाल्ले, ते विचारू नका.

*

दुसरी मॅच थायलंडशी. माइकवर वजनकाट्यावरचा बाबू. उसाच्या गाड्यांना नंबर पुकारण्यात त्याचा जन्म गेलेला. बॉल दहा नंबरच्या सलीमकडे आला, समोर गोल मोकळा, आणि हा ओरडला, "दहा नंबर, जागेवर थांबा! पुढची गाडी खाली होऊ द्या!"

सलीम थांबला! बॉल त्यांनी नेला, मॅचही नेली. मामा त्या दिवशी जेवले नाहीत.

*

राहिली शेवटची, सुदानशी. सगळ्यांत तगडी टीम. साहेबांनी वॉचमनला सांगून ठेवलं, "आपला गोल झाला की भोंगा वाजव! सगळ्या तालुक्याला कळू दे!"

मामा त्या दिवशी पेटलेच होते. पोटावर, छातीवर, एकदा तर नाकावर बॉल अडवला! मॅच संपायला चार-पाच मिनिटं उरली आणि सलीमने लांबून ठेवून दिला. गोल! टोप्या उडाल्या! साहेब खुर्चीवर चढून नाचले!

आणि भोंगा वाजला.

वर्षभराने वाजला हो! अंगावर काटा आला. आमची टीम जागच्या जागी थबकली, मग वळली आणि थेट कारखान्याच्या गेटकडे पळत सुटली. शिफ्टला! सलीम सगळ्यांत पुढे! निम्मी पब्लिकही मागोमाग!

पीटीचे सर रेफ्री होते. ते बिचारे शिट्टी तोंडात धरून बघतच राहिले. तोवर सुदानने बॉल मध्यावर ठेवून खेळ सुरूही केला. समोर एकटे दशरथमामा.

मी ओरडलो, "मामा, तुम्ही कसे थांबलात?"

"मंग? रिलिव्हर आला का?" मामा बॉलवरची नजर न काढता म्हणाले. बॉयलरवरचा माणूस बदली आल्याशिवाय जागा सोडत नाही. शिफ्ट संपो, भोंगा वाजो, घरून सांगावा येवो.

मग अकरा जण एकट्या मामांवर तुटून पडले. डावीकडून मारला, मामांनी अडवला. उजवीकडून मारला, पायाने काढला. शेवटी उस्मानने सगळा जोर लावून हाणला. मामा आडवे झाले आणि बॉल पोटाशी धरूनच उठले.

शिट्टी!

जिंकलो! आम्ही जिंकलो! उस्मानने धावत येऊन मामांना मिठी मारली. तोवर गेटवरून आमची पोरं ओशाळून परत आली. साहेब हार घेऊन पळत आले. "मामा, जिंकलो! चला, पोरं तुम्हाला खांद्यावर घेणार हायेत!"

मामांनी बाहीने तोंड पुसलं. पाय रेषेवरच होते.

"येतो की सायेब. आदी रिलिव्हर धाडा."