आत्याची हरकत

“लोकांना विचारूनच रस्ता केला,” असं कुणी म्हटलं की आजही माझं टाळकं सटकतं. कसं विचारलं, ते मी या कानांनी ऐकलंय.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमचं गाव बारामती-इंदापूरच्या पट्ट्यातलं. उसाच्या ट्रॅक्टरांना गावातनं वाट मिळेना, म्हणून नवा आराखडा झाला. रस्ता रुंद होणार आणि त्यात माझ्या आत्याचं स्वयंपाकघर जाणार. आत्या विधवा, एकटी. घर दोन खोल्यांचं. त्यातली एक गेल्यावर उरतं काय, कप्पाळ? नकाशा लावला होता कचेरीच्या जिन्यात, अंधारात. त्यात आमची आळी म्हणजे नुसत्या दोन रेघा. ज्याची हरकत असेल त्यानं सुनावणीला यावं, अशी दवंडी फिरली.

आत्या धुवट लुगडं नेसून गेली, सोबत मी. काय बोलायचं ते तिनं आठवडाभर घोकलं होतं. तिचं नाव पुकारलं. पुण्याहून आलेले साहेब भलतेच गोड. म्हणाले, “या आजी. आधी एवढी एक सही करतो, मग तुमचं ऐकतो. जरा थांबायला हरकत नाही ना?”

आत्यानं हात जोडले. “न्हाय सायेब, माझी काय बी हरकत न्हाय.”

शेजारच्या कारकुनानं मान वर न करता तेवढंच लिहून घेतलं आणि पुढचं नाव पुकारलं!

“अहो, ती थांबायचं म्हणाली, घराचं न्हाय!” मी ओरडले. कारकून म्हणतो, “सगळ्यांदेखत बोलल्यात त्या.” साहेबांनी घड्याळ बघितलं. “लेखी द्या, बघू.” दिलं लेखी. पालथ्या घड्यावर पाणी! म्हातारी रीतीनं वागली, हाच तिचा गुन्हा.

दिवाळीनंतर स्वयंपाकघर पाडलं. आत्यानं मग रस्त्याच्या कडेला उघड्यावरच चूल मांडली. आम्ही जुन्या चादरीचा आडोसा करून दिला. रस्त्याच्या उद्घाटनाला पुढारी आले, साहेब आले, हारतुरे झाले. “जनतेच्या संमतीनं झालेला रस्ता,” असं कर्ण्यावरनं ऐकू आलं, तशी आत्या उठली आणि तिनं चादर ओढून काढली.

“अगं आत्या, माणसं बघत्यात,” मी म्हणाले.

“बघू दे की,” ती पीठ मळत म्हणाली. “मला इचारूनच केलंय न्हवं? मग मी कुठं भाकरी थापते, ते बघून जाऊ दे त्यास्नी.”