जेवून पाहिलेली खोली

सुमनकाकू गेल्याचा फोन आला तेव्हा मी अकोल्याच्या माझ्या घरात पोळ्या लाटत होते. काकूंचे दीर, नामदेवभाऊजी, पलीकडून एवढंच म्हणाले, "वहिनी गेल्या…" आणि फोन ठेवला. महिना होऊन गेला. रडून झालं. आता मात्र काकू आठवल्या की माझी मान ताठ होते, कारण ही बाई आयुष्यभर जिंकत आली आणि तिचा एक विजय माझ्या वाट्याला आला.

अमरावतीत घरामागे त्यांच्या भाड्याने द्यायच्या चार खोल्या होत्या. फुलशेती दीर बघत, खोल्या काकू. भाडेकरू गेला की लोक रंगाऱ्याला बोलावतात; काकू स्टोव्ह घेऊन जात. रिकाम्या खोलीत पूर्ण स्वयंपाक करायचा, तिथंच जेवायचं, भांडी घासायची. धूर कुठे कोंडतो, ओट्यावर ऊन कधी येतं, मोरीत पाणी कुठे तुंबतं, सगळं त्यांना जेवता जेवता कळे. मग मिस्त्री, आणि सगळ्यात शेवटी चुना. "चुना मारला का खोली दिसते चांगली," त्या म्हणत, "पन राहनाऱ्याले जेवाले लागते ना बापा!"

मी धामणगाव रेल्वे या गावाहून नर्स म्हणून अमरावतीला बदलीवर आले तेव्हा माझा नुकताच घटस्फोट झाला होता, मुलगी मुक्ता सात वर्षांची. महिनाभर खोली शोधली. "मिस्टर काय करतात?" याचं खरं उत्तर दिलं की दार हळूच लोटलं जाई. सोमवारी मुक्ताची शाळा सुरू होणार होती आणि मैत्रिणीच्या घरातला आमचा मुक्काम आता तिच्या सासूला खुपू लागला होता. काकूंनी मात्र काही न विचारता शेवटची खोली दाखवली. भाऊजी आडवे आले. "एकट्या बाईले खोली? लोक काय म्हनतीन, वहिनी? आन् तिथली मोरी तं तुंबून राहिली."

"मोरी नीट झाली तं द्यायची?" काकूंनी विचारलं. भाऊजी हो म्हणाले आणि मिस्त्रीला परस्पर शेतावरच्या कामाला धाडून मोकळे झाले!

साठीच्या काकूंनी पदर खोचला आणि मोरीची फरशी स्वतः उखडली. मी वाळू चाळली, सिमेंट कालवलं. दोनदा ढाळ चुकला, दोनदा पुन्हा उखडला. मला रडू फुटलं तशा त्या ओरडल्या, "रडून काहून राहिली? वाळू दे!" शनिवारी बादलीभर पाणी ओतलं… ते कुठेही न थांबता सरळ बाहेर गेलं. आम्ही दोघी त्या मोरीत उभ्या राहून शाळेतल्या पोरींसारख्या ओरडलो. इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता, हे आज सांगून टाकते.

रविवारी त्या खोलीत मी वांग्याची भाजी आणि भाकरी केली. काकूंनी भाऊजींना बोलावून पाटावर बसवलं. तीन भाकरी संपवून ते म्हणाले, "वहिनी, आज भाजी झकास झाली."

"म्या नाही केली, या बाईनं केली," काकू शांतपणे म्हणाल्या. "जेवले आता तुमी तिच्या घरी." आणि त्यांच्यासमोर किल्ली माझ्या हातात ठेवली. भाऊजी हात धुवायला मोरीत गेले ते बराच वेळ बाहेरच येईनात. आम्ही मायलेकी तिथे अकरा वर्षं राहिलो. मुक्ता त्याच ओट्याशेजारी अभ्यास करून शिकली, पुढे नोकरीला लागली.

परवा भाऊजींचा पुन्हा फोन. तीच खोली रिकामी झाली आहे, पातूरकडची एक शिक्षिका बघायला येणार आहे, तुम्ही या. गेले, तर दारातच करपलेल्या खिचडीचा वास! ऐंशीच्या घरातले भाऊजी स्टोव्हपुढे घामाघूम बसलेले. "खिडकी जाम हाय," मला पाहताच म्हणाले, "धूर जाऊन नाही राहिला. सुतार बोलावला म्या." हसावं की रडावं कळेना, मी दोन्ही केलं. शिक्षिका एकटीच आली होती, कोपऱ्यात अवघडून उभी. मी तिला हळूच विचारलं, "मिस्टरांचं विचारलं का यांनी?"

"नाही," ती म्हणाली. "एवढंच विचारलं, तुमाले तिखट किती लागते?"