जुन्या गाडीचा विमा आणि राहांगडाले काकाजी

विमा एजंट असूनही राहांगडाले काकाजी लोकांना कमी विकायचे. सौंदडला स्टेशनच्या रस्त्यावर त्यांचं एका खोलीचं ऑफिस होतं. कोणी जुनी गाडी घेऊन विमा भरायला आला की काकाजी आधी बाहेर जात, गाडीभोवती एक फेरी मारत, बॉनेटवर बोटांनी टकटक करत, दाराखालचा गंज वाकून बघत आणि मग म्हणत, "फुल इन्शुरन्स कायले भरून राहिला गा? गाडीत आता राहिलं काय? थर्ड पार्टी घे. ते कायद्यानं लागतेच."

मी त्यांच्याकडे आठ वर्षं कॉम्प्युटरवर फॉर्म भरायचं काम केलं. पहिल्याच आठवड्यात मी विचारलं होतं, "काकाजी, फुल विकलं तर तुमचंच कमिशन वाढते ना?"

"वाढते ना. पण तोच माणूस उद्या बाजारात भेटला तं मले त्याच्या तोंडाकडं पाहता आलं पायजे."

समजावून सांगण्यात मात्र त्यांचा हात कोणी धरू शकत नव्हतं. आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर थर्ड पार्टी. आपल्याच गाडीचं झालं तर ते फक्त फुलमध्ये. पण गाडी जुनी होते तशी कागदावरची तिची किंमत उतरते आणि हाती येतं ते त्याच हिशेबानं. हे सगळं ते समोर बसलेल्या म्हाताऱ्यालाही पाच मिनिटांत पटवून देत. चालकाचा अपघात विमा तेवढा ते कोणालाच सोडू देत नसत. "गाडी लोखंड आहे, तू लोखंड नाई," म्हणत. आणि कोणी जुन्या गाडीसाठी हळवा झाला की त्यांचं ठरलेलं वाक्य असे, "लोखंडाले माया नको लावू."

कापगते गुरुजी आले तेव्हाही ते हेच बोलले. गुरुजी नवेगाव बांधचे, शाळेतून निवृत्त झालेले. पांढरी, छोटी, फार जुनी गाडी. सोबत त्यांची बायको सुशीलाबाई होत्या. गुरुजी दरवर्षी फुल विमा भरत, पण आधीचा एजंट नागपूरला निघून गेल्यामुळे पहिल्यांदाच आमच्याकडे आले होते. काकाजींनी फेरी मारली, टकटक केली आणि थर्ड पार्टीचा सल्ला दिला.

सुशीलाबाई हळूच म्हणाल्या, "राहू द्या जी फुलच."

"बाई, लोखंडाले माया नका लावू," काकाजी हसून म्हणाले.

गुरुजीही हसले. मी थर्ड पार्टीचा फॉर्म भरला. भरताना मला सुशीलाबाईंच्या डाव्या हातावरची चिकटपट्टी दिसली, तिच्याखाली दोरीसारख्या फुगलेल्या शिरा दिसल्या. माझ्या मावशीच्या हाताला मी तसं पाहिलं होतं. डायलिसिसचा हात होता तो. मी काही बोलले नाही. बाहेर दोन माणसं वाट पाहत होती.

त्याच वर्षी मे महिन्यात नवेगावकडे वादळ झालं आणि गुरुजींच्या दारातलं चिंचेचं झाड गाडीवर पडलं. गाडी टपापासून सीटपर्यंत दबली. गुरुजींनी आम्हाला फोन केला नाही. आपल्या विम्यात हे बसत नाही हे त्यांना काकाजींनीच इतकं नीट समजावलं होतं. सुशीलाबाईंना आठवड्यातून दोनदा गोंदियाला डायलिसिसला न्यावं लागे. डायलिसिसनंतर त्यांना इतका थकवा येई की रेल्वेत बसवत नसे. दुसरी जुनी गाडी घ्यायला हाती पैसे नव्हते आणि लग्नसराईत भाड्याचीही मिळेना. मधल्या तीन खेपा चुकल्या. अंगात पाणी भरलं, श्वास लागला आणि त्यांना गोंदियाला भरती करावं लागलं.

हे आम्हाला नवेगावच्या एका मासे विकणाऱ्या बाईकडून कळलं. ती स्कूटीचा विमा भरायला आली होती. काकाजींनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "गुरुजीची बायको डायलिसिसवर होती?"

"चार वर्षं झाले," ती म्हणाली. "त्याच्यासाठीच तं गाडी ठेवली होती गुरुजीनं."

काकाजी माझ्याकडे वळले. मी मान खाली घातली. त्यांनी किल्ली घेतली आणि गोंदियाला गेले.

पुढचे सात महिने दर मंगळवारी आणि शुक्रवारी ते सकाळी स्वतःची गाडी काढत, आधी उलट्या दिशेनं नवेगावला जात, दोघांना घेऊन पुन्हा सौंदडवरून गोंदियाला. दवाखान्याबाहेर चार तास बसत. त्या दिवशी ऑफिस मी सांभाळायची. पहिल्या दिवशी गुरुजी त्यांना म्हणाले होते, "भाऊ, तुमची काही चूक नाई. तुम्ही हिशेबानं बरोबरच सांगतलं."

काकाजींनी परत आल्यावर मला ते सांगितलं. "गुरुजीनं शिव्या दिल्या असत्या तं बरं झालं असतं, मनीषा. मी गाडीची किंमत पाह्यलो. गाडी कायले लागते, ते विचारलोच नाई."

"मला दिसलं होतं, काकाजी. त्यांचा हात."

त्यांनी हातातली किल्ली टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "तुले दिसलं, मले दिसलं नाई. बाई तं माझ्या पुढंच बसली होती."

डिसेंबरात सुशीलाबाई गेल्या. डॉक्टरांनी सांगितलं, हृदयच थकलं होतं, आज ना उद्या हे होणारच होतं. काकाजींना ते पटलं नाही. तेरावं झाल्यावर ते ऑफिसात आले, पण गाडीभोवती फेरी मारणं त्यांनी कायमचं सोडलं. आता ते माणसाला बसवत, पाणी देत आणि विचारत, "ही गाडी उद्या नसली तं तुमचं काय अडंल?" कोणी म्हणे, काही नाही, मुलाकडे दुसरी आहे. त्याला थर्ड पार्टी. कोणी म्हणे, आईला दवाखान्यात न्यायचं असतं, अपंग पोरीला शाळेत सोडायचं असतं. त्याला ते म्हणत, "मंग फुल ठेवा. किंमत कितीही कमी दिसू द्या, ठेवा." विचारताना त्यांची नजर माणसाच्या हातांवर असे. हसणं मात्र गेलं. ते पुन्हा आलंच नाही.

दोन वर्षांनी, या फेब्रुवारीत, काकाजी गेले. सकाळी ऑफिसचं शटर उचलताना छातीत कळ आली. मी पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

तिसऱ्या दिवशी कापगते गुरुजी एसटीनं आले. काकाजींच्या बायकोसमोर थोडा वेळ बसले, मग बाहेर ओट्यावर माझ्याशेजारी येऊन टेकले.

"मनीषा, ती आजारी पडली तेव्हापासून माझ्यासोबत बोलतच नव्हती," ते म्हणाले. "रागानं नाई, थकून. राहांगडालेच्या गाडीत बोलू लागली. हा माणूस तिले विचारायचा ना, लहानपणी काय करत होत्या, माहेरी काय पिकायचं. ती समोर त्याच्या बाजूला, मी मागं. एक दिवस म्हणाली, बांधाच्या तलावात मी भावाच्या पुढं पोहून जात होती. चाळीस वर्षं सोबत राहिलो, मले माहीतच नव्हतं तिले पोहता येते म्हणून." त्यांनी डोळे पुसले. "ते सात महिने सगळ्यात चांगले गेले आमचे. त्याच्यामुळं."

"हे तुम्ही काकाजींना सांगितलं होतं, गुरुजी?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"नाई," ते म्हणाले. "वाटलं, त्याले समजत असंल."

पण दोन वर्षं मी रोज काकाजींच्या समोर बसले होते. त्यांना समजलं नव्हतं.