पंपांची खबर

अमेरिकेतल्या चँडलर शहराबाहेर, वाळवंटाकडेच्या वस्त्यांना पाणी देणाऱ्या एका लहानशा कंपनीत मंजुषा बर्वे इंजिनिअर आहे. गेल्या वर्षी कंपनीने पंपांवर नजर ठेवणारी नवी सिस्टीम घेतली. पंपांची माहिती सिस्टीमपर्यंत पोचवायची कशी, हे मंजुषाने ठरवायचं होतं.

सोपा मार्ग असा, की सिस्टीमनेच मोबाइल नेटवर्कवरून दर थोड्या वेळाने पंपांकडून आकडे मागवायचे. ऑफिसात बसून होणारं काम. दुसरा मार्ग म्हणजे प्रत्येक पंपघरात छोटा कंप्यूटर बसवायचा. नेटवर्क गेलं तरी तो नोंदी साठवतो आणि मागाहून पाठवतो. पण त्यासाठी उन्हातान्हात पंपघरं हिंडायची.

"नेटवर्क गेलं तर मधलं काहीच कळणार नाही," मंजुषा मीटिंगमध्ये म्हणाली.

"मंजुषाताई, नेटवर्क असं जातं कितीदा? आपल्याला सिस्टीम लवकर सुरू करायचीय," मॅनेजर शैलेंद्र म्हणाला.

एरवी ती भांडली असती. पण सकाळीच आईला डायलिसिसला सोडून आली होती, दुपारी आणायला जायचं होतं. "बरं, तसं करू," ती म्हणाली.

जुलैत धुळीचं वादळ आलं आणि एका पंपघराचं नेटवर्क दुपारभर बंद पडलं. नेमका तेव्हाच टाकीतून पंपाला पाणी देणारा व्हॉल्व्ह बंद स्थितीत अडकला. पंप कोरडा फिरत राहिला आणि मोटर जळली. स्क्रीनवर मात्र कसलाच बिघाड दिसला नाही. संध्याकाळी वस्तीतून फोन आले, नळ कोरडे.

मंजुषा आणि शैलेंद्र तिथे पोचले तेव्हा जळकट वास येत होता.

"पण ग्राफवर तर सरळ रेघ होती!" शैलेंद्र म्हणाला.

"मधले आकडे आलेच नाहीत. सिस्टीमने दोन टोकं जोडून टाकली."

"म्हणजे तुमचे कंप्यूटर असते तर मोटर वाचली असती?"

"कदाचित नसती. निदान काय झालं ते कळलं असतं. आणि आकडे आले नाहीत तर अलार्म वाजायला हवा, हे मलाही सुचलं नाही."

शैलेंद्रने विचारलं, "तेव्हा जोर का नाही धरलात?"

"दमले होते रे."

अलार्म त्याच आठवड्यात लागला. कंप्यूटर बसवायलाही मंजुरी मिळाली. तेव्हापासून आईच्या डायलिसिसचे दिवस सोडून मंजुषा एकेक पंपघर गाठते. कधी शैलेंद्रही प्यायच्या थंड पाण्याचा कूलर घेऊन बरोबर येतो. ती जास्त बोलत नाही. काम झालं की गाडीचा एसी लावून, डोळे मिटून जरा बसते आणि मग निघते.