फाटक्या पुस्तकांचे शेवट

अण्णासाहेबांनी पुस्तक माझ्या हातात दिलं नाही. वाचनालयाच्या पायरीवर टाकलं. मी उचलून चाळलं. शेवटची पानं गायब.

"अण्णासाहेब, ह्याचा शेवट न्हाई."

ते वाचनालयाचे चिटणीस, गावचे मोठे जमीनदार. आत खुर्च्यांवर बसलेल्या मंडळींकडे वळून म्हणाले, "ऐका! ह्यांना विद्यापीठाचं नाव पाहिजे, अन् आता पुस्तकाचा शेवटपण पाहिजे!"

मंडळी हसली. हातातले पेपर हलेपर्यंत हसली.

नामांतराची वर्षं होती ती. आम्हा बौद्धवाड्यातल्यांसाठी वाचनालयात एक खोकं वेगळं होतं. वाळवीनं खाल्लेली, पानं गळालेली पुस्तकं त्यात. चांगली कपाटात, कुलपात. आम्ही आत जायचं नाही. पायरीवरून न्यायचं, पायरीवर ठेवायचं.

मी सातवीत शाळा सोडलेली. जिनिंगमध्ये कापूस वाहायचो. "तुला कुठली परीक्षा द्यायचीय रे?" अण्णासाहेब विचारायचे. कुठलीच नव्हती. वाचून बढतीही मिळणार नव्हती. मला वाचायचं होतं. नुसतं वाचायचं. अंगावरची रुई झाडायची अन् दुसऱ्या मुलखात फिरून यायचं. माझी हीच चैन त्यांना खुपायची.

त्या संध्याकाळी वस्तीच्या लिंबाखाली मी त्या फाटक्या पुस्तकातली गोष्ट सगळ्यांना सांगितली. खून झालेला. घरातले सगळे गपगार. मी आवाज खाली आणला... अन् पानं संपली.

"मंग? कुणी मारलं?" शांताकाकू ओरडली. "सांग की मुडद्या!"

मी उठलो. मिशी पिळली. चिमटीभर तपकीर नाकात ओढल्यासारखं केलं अन् आभाळ फाटेल असा शिंकलो. हुबेहूब अण्णासाहेब!

"खुनी ह्यो!"

काय हशा उठला! काकू तर मातीत लोळली. मला नशाच चढली.

मग काय! पुस्तक त्यांच्या खोक्यातलं, शेवट माझा. मिशीवाला कधी सावकार, कधी दरोडेखोर, एकदा तर समुद्री चाचा. दर गोष्टीत शिंकायचा अन् पकडला जायचा. हळूहळू गावातली माणसंही लिंबाखाली यायला लागली. बाजारात अण्णासाहेब शिंकले की भाजीवाल्या तोंडाला पदर लावायच्या.

एक दिवस त्यांनी मला बोलावलं. पायरीवरच.

"गावभर माझी बदनामी करायलास?"

"नाव तर मी कुणाचंच घेतलं न्हाई, अण्णासाहेब. तुमी कसं वळखलं?"

तपकिरीच्या डबीकडे गेलेला हात मागं आला. कपाटातून त्यांनी एक कोरं पुस्तक काढलं अन् पहिल्यांदा माझ्या हातात दिलं.

"घे. अख्खं हाय. पाहिजे तेवढी ने. ती सोंगं तेवढी बंद कर."

मी पुस्तक नाकाला लावलं. लय गोड वास. जीव तुटत होता. तरी ते पायरीवर ठेवलं.

"आत बसून वाचीन. खुर्चीवर. सगळ्या वस्तीसंगं. अन् सोंगं चालूच ऱ्हातील."

त्यांनी दार लावून घेतलं. खोकंही बंद. मी परभणीच्या रद्दीवाल्यांकडून पुस्तकं आणायला लागलो. आज घरात भिंतभर आहेत, शेवटासकट. दार उघडं असतं. ज्याला वाचायचं त्यानं यावं, खुर्चीवर बसावं.

अण्णासाहेब कधीच वारले. सोड आता, लोक म्हणतात, मेलेल्याशी कसलं वैर. मी सोडणार नाही. रोज संध्याकाळी लिंबाखाली मी त्यांना उठवतो, शिंकायला लावतो, पकडून देतो. मी जिवंत आहे तोवर त्यांना मरू देणार नाही.