झरीच्या घरातली पेटी

किस्से कुठल्याही ऑफिसात साठतात. पण जिथे काम कमी आणि वाट बघणं जास्त, तिथे जरा जास्तच साठतात. आमचं कामच मुळी भूकंपाची वाट बघण्याचं. डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात गेली काही वर्षं जमीन अधूनमधून हलते, हे आता इथे कोणाला नवीन राहिलेलं नाही. लग्नं, परीक्षा, मयत, सगळं धक्के सांभाळून चालू असतं. त्यामुळे आमच्याकडे हसण्यासारखं फार घडायचं नाही, आणि जे घडायचं त्यावर हसून झालं की पुन्हा स्क्रीनकडे बघत बसायचं.

माणसं आम्ही तीनच. सर, म्हणजे एका इंजिनिअरिंग कॉलेजातून निवृत्त झालेले प्राध्यापक, प्रकल्प त्यांचा. हितेशभाई डहाणूचेच, हार्डवेअर बघायचे, आणि राग आला की मराठीतून थेट गुजरातीत शिरायचे. तिसरी मी. बंगळूरची नोकरी सोडून डहाणूजवळ मसोलीला आईबाबांकडे परत आलेली, म्हणजे शेजाऱ्यांच्या मते नोकरीवरून काढून टाकलेली.

काम काय ते एकदाच सांगते, मग त्रास देणार नाही. गावोगावी घरांत, शाळांत आम्ही जमिनीचा कंप मोजणाऱ्या पेट्या बसवल्या होत्या. एकच पेटी हलली तर म्हैस भिंतीला अंग घासत असेल. आजूबाजूच्याही हलल्या तर तो धक्का. प्रत्येक पेटीला तिच्या शेजारणी काय म्हणतात हे विचारत विचारत निर्णय घेणारा जो प्रोग्रॅम असतो, त्याला ग्राफ न्यूरल नेटवर्क म्हणतात. मोठ्या कॉम्प्युटरवर तो आरामात चालतो. आम्हाला तो तळहाताएवढ्या एका खास कार्डावर पळवायचा होता, म्हणजे वीज गेली, नेट गेलं तरी तालुक्याच्या गावात बसून ते कार्ड चालू राहील. कार्डाची मेमरी टीचभर. म्हणून माहिती दाबून दाबून लहान करायची, ही माझी नोकरी.

*

सरांनी लॅबसाठी मसोलीत जागा घेतली ती पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर. भूकंपाची लॅब, आणि खाली गिरणी! जागा बघायला सर दुपारी गेले होते. गिरणीवाला तेव्हा जेवायला गेलेला होता.

पहिल्या आठवड्यात हितेशभाई रोज सकाळी अकराला ओरडायचे, "आला, आला!" रोज अकराला धक्का, एकला बंद. रविवारी सुट्टी. जमिनीलाही साप्ताहिक सुट्टी असते हे बघून मला शंका आली. मी खाली जाऊन आले आणि सांगितलं.

हितेशभाईंनी जागा बदलायचा हट्ट धरला. सर शांतपणे म्हणाले, "गिरणी ओळखता येत नसेल तर भूकंप काय ओळखणार आपण?"

मग महिनाभर आम्ही प्रोग्रॅमला गहू, ज्वारी आणि भाजणी यांतला फरक शिकवला. तो त्यात भूकंपापेक्षा लवकर तयार झाला.

*

तलासरीकडच्या झरी गावात लाडकूदादांच्या घरी पेटी बसवली, तो दिवस मला नीट आठवतो. लाडकूदादा पन्नाशीचे, चिकूच्या वाडीत रोजंदारीवर जाणारे. त्यांची बायको जानीबाई, दोन मुली, कौलारू घर. भिंतीला आडवी भेग गेलेली. धक्के सुरू झाल्यापासून सगळं घर अंगणात ताडपत्रीखाली झोपत होतं, थंडीत आणि पावसातही. धाकटीचा खोकला जात नव्हता.

आम्ही आतल्या कोपऱ्यात सिमेंटचा छोटा ओटा केला आणि त्यावर पेटी चार स्क्रूंनी घट्ट बसवली. पेटीवर हिरवा दिवा लागला. जानीबाईंनी ओट्याभोवतीची जमीन लगेच सारवून घेतली.

त्या घरी विजेचा भरवसा नव्हता, म्हणून दर पंधरा दिवसांनी बॅटरी बघायला, धूळ पुसायला मीच जायचे. पुढच्या खेपेला गेले तर अंगणात ताडपत्री नव्हती.

"आता आमी आत झोपतो," जानीबाई म्हणाल्या. "मशीन आहे ना घरात."

मी बॅटरी तपासली, धूळ पुसली आणि निघाले. ती पेटी धक्का थांबवत नाही, आधी सांगतही नाही. बसला की फक्त मोजते. डोक्यावर कौलं, बाजूला भेग पडलेली भिंत, आणि आमच्या हिरव्या दिव्याच्या भरवशावर ही चार माणसं आत झोपायला लागली होती.

सरांना सांगितलं. सर म्हणाले, "पुढच्या वेळी स्पष्ट सांगून ये." पुढच्या वेळी मुलीचा खोकला थांबलेला होता. मी तेव्हा सांगितलं नाही, त्याच्या पुढच्या वेळीही नाही. चहा पिऊन यायचे, आणि परतीच्या शेअरच्या इको गाडीत स्वतःवर चिडायचे.

*

माझे बाबा रेल्वेतून निवृत्त झाले. मी दिवसभर काय करते हे त्यांना कळत नसे. एकदा समजावून सांगितलं, की सगळ्या पेट्या सतत आकडे पाठवत बसतात आणि कार्ड त्याखाली दबून जातं.

बाबा म्हणाले, "पाठवतात कशाला? आम्ही गाडी लेट असली तरच सांगायचो. वेळेवर असली तर कोण अनाउन्समेंट करतंय?"

खोटं कशाला बोलू, ती युक्ती मी तशीच उचलली. आकडा बदलला तरच पेटीने बोलायचं, नाहीतर गप्प राहायचं. कार्ड एकदम सुसाट पळायला लागलं. सरांनी त्यावर इंग्रजीत आठ पानांचा रिपोर्ट लिहिला. बाबांनी तो चष्मा लावून शेवटपर्यंत चाळला आणि विचारलं, "यात माझं नाव कुठे आहे?"

त्यानंतर कैनाड गावातली पेटी गप्प झाली. आम्ही खूश! कैनाड शांत, जमीन शांत. तीन आठवडे आम्ही त्या शांततेचे ग्राफ काढले. चौथ्या आठवड्यात हितेशभाई सहज तिकडे गेले तर पेटी बंद. घरमालकाने तिची वायर काढून तिथे मोबाईलचा चार्जर लावला होता.

हितेशभाई भडकले. "अरे, एक फोन तरी करायचा!"

मालक शेतकरी माणूस, शांतपणे म्हणाला, "तुमचाच फोन नाय आला. मला वाटलं, सगळं बरोबर चाललंय."

*

तरीही कार्डावर सगळं मावेना. तेव्हा हितेशभाईंनी आकड्यांनाच हात घातला. धक्क्याचा जोर लिहायला हजारो पायऱ्या होत्या, त्यांनी सोळाच ठेवल्या. खालच्या पायरीच्याही खाली जे काही असेल ते शून्य.

"बारीक धक्के जातील," मी म्हटलं.

"जवा दो ने, मॅडम, जाऊ दे. बारीक धक्क्याने कोण मरतं?"

दोनच दिवसांनी भर दुपारी लाडकूदादांचा फोन आला. मागे माणसांचा गलका ऐकू येत होता.

"ताई, आता हललं. मांडणीवरची भांडी वाजली. सगळे बाहेर आलेत. तुमच्याकडे आलं का?"

मी स्क्रीनकडे बघितलं. झरीसमोर शून्य होतं.

"नाही, दादा. आमच्याकडे काही आलं नाही."

ते माझीच समजूत काढल्यासारखं म्हणाले, "मग इथंच हललं असेल."

फोन ठेवल्यावर मी हितेशभाईंना तो सगळा संवाद सांगितला. ते हसले, मीही हसले. मग त्यांनी मुकाट्याने पायऱ्या वाढवल्या, आणि कार्ड पुन्हा रडायला लागलं.

*

प्रकल्पाला पैसे देणाऱ्यांकडून एक साहेब पाहणीला आले. पांढरा शर्ट, बोलणं मवाळ. त्यांना लॅबमध्ये बसवलं, चिकूचा हलवा दिला. खाली गिरणी सुरू होती, त्यामुळे टेबलावरचा चमचा बशीत वाजत होता. साहेब त्या चमच्याकडे बघत होते आणि आम्ही तिघं साहेबांकडे.

सर तासभर बोलले. माहिती दाबल्यामुळे कार्ड कसं आधीपेक्षा कितीतरी वेगाने चालतं, ते त्यांनी फळ्यावर काढून दाखवलं. साहेबांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे धक्का बसायच्या किती आधी कळतं?"

"आधी नाही," सर म्हणाले. "बसल्यावर. पण बसल्यावर फार लवकर कळतं."

"कोणाला?"

सरांनी आमच्याकडे बघितलं. शेवटी हितेशभाईच म्हणाले, "आम्हाला."

साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. माणूस वाईट नव्हता. जाताना जिन्यात सरांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "याहून लहान, स्वस्त कार्डावर बसवून दाखवा. बसलं तर पुढे बघू. नाहीतर इथेच थांबू या."

लहान कार्डावर बसवायचं म्हणजे पायऱ्या कमी करून भागणार नव्हतं. आता पेट्याच कमी करायच्या होत्या.

*

कुठली पेटी काढायची हे ठरवणारा प्रोग्रॅम मीच लिहिला. नियम साधा होता. जी पेटी शेजारणीसारखंच सांगते, तिची गरज नाही, दोघींची एक करायची. प्रोग्रॅम चालवला तर यादीत पहिलं नाव लाडकूदादांच्या घराचं. झरीच्या शाळेतही आमची एक पेटी होती, आणि दोघी जवळजवळ तेच सांगायच्या. शाळेच्या पेटीला पक्की इमारत, चोवीस तास वीज. निर्णय अगदी बरोबर होता.

मी प्रोग्रॅम पुन्हा चालवला. तेच नाव. तिसऱ्यांदा एक आकडा थोडा सरकवून चालवला. सर मागे येऊन उभे राहिलेले मला कळलं नव्हतं.

"आता झरी राहिली आणि कैनाड गेलं," ते म्हणाले. "कैनाडला काय सांगणार आहेस?"

मी आकडा पुन्हा जागेवर ठेवला. त्या दिवशी मला सरांचा राग आला, त्याहून जास्त माझा स्वतःचा. वर्षभर मी ज्या गोष्टी टाकून दिल्या त्यांना चेहरे नव्हते. या वेळी मला त्या घरातल्या मुलीचा खोकलासुद्धा ओळखीचा होता.

हितेशभाई म्हणाले, "मी जाऊन घेऊन येतो. तुम्ही राहू दे."

"नको," मी म्हटलं. "लावायला मी होते."

एक पळवाटही सुचली होती. आतलं यंत्र काढून आणायचं आणि रिकामी पेटी तिथेच ठेवायची, दिवा चालू राहील अशी. त्यांना बरं वाटेल, मुलगी पुन्हा बाहेर झोपणार नाही. हितेशभाई मान डोलावून म्हणाले, "चालशे." इको गाडीत निम्म्या वाटेपर्यंत मलाही ते चालणार होतं. मग त्या घराच्या भिंतीतली भेग आठवली.

सकाळची वेळ होती. लाडकूदादा कामावर निघायच्या बेतात होते, मला बघून थांबले. जानीबाईंनी कोरा चहा ठेवला. मुली शाळेत गेलेल्या. मी पेटीसमोर जमिनीवर बसले आणि पाठ करून आलेलं सगळं एका दमात बोलून टाकलं. ही पेटी काढून न्यायची आहे. शाळेतली पुरेशी आहे. आणि मी हे फार आधी सांगायला हवं होतं, की ही धक्का अडवत नाही, तो येणार हेही सांगत नाही, हिच्यामुळे घर जराही पक्कं झालेलं नाही. हिच्या भरवशावर तुम्ही आत झोपत होता, ते मला दिसत होतं, आणि मी गप्प बसले. माझं चुकलं.

लाडकूदादांनी माझा हत्यारांचा डबा माझ्याकडे सरकवला. "ते माहीत आहे, ताई," ते म्हणाले. "मशीन लावल्यावर पहिला धक्का आला तेव्हाच कळलं. ती गप बसून होती. आमी पळालो."

मी स्क्रूड्रायव्हर काढला. पहिला स्क्रू ढिला केला. दुसरा करताना न राहवून विचारलं, "मग एवढे दिवस आत का झोपत होता?"

लाडकूदादा दाराबाहेर बघत राहिले. उत्तर जानीबाईंनी दिलं, चहा गाळता गाळता.

"तुमी दर पंधरा दिसांनी येत होता ना हिला बघाया. रातचं घर पडलं असतं, तर मशीन काढाया तरी कोनी आलं असतं."